चढला त्याच गिअरमध्ये उतरावे
बोरघाटाच्या पायथ्याशी दोन तालुके, आणि तिथून जाणारा माल

वाचकहो, मागच्या पौष महिन्यात एका कामासाठी खोपोलीला गेलो होतो. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून रस्त्याकडेच्या एका टपरीवर चहा घेत बसलो. तेवढ्यात एका तरुण मुलाने येऊन वाकून नमस्कार केला. कर्जत तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा हा मुलगा. त्याच्या वडिलांच्या खाचरात मी अनेक वर्षांपूर्वी भाताचे प्रात्यक्षिक घेतले होते, तेव्हा हा बांधावर बसून चिखलाचे बैल करीत असे. आता मालट्रक चालवतो. पुण्याकडून भाजीपाला भरायचा आणि रात्रीतून घाट उतरून वाशीच्या बाजारात पोचवायचा, असा त्याचा दिवसाआडचा शिरस्ता.

त्याने मोबाइलवर मला एक चित्रफीत दाखवली. दूर उत्तरेकडे, कॅनडात, गोठलेल्या तळ्यावरून भले मोठे ट्रक चालले होते. वर पांढरे, खाली पांढरे, मध्ये दिव्यांची रांग. मुलगा म्हणाला, "साहेब, ड्रायव्हर म्हणावं तर यांना. बर्फ फुटला की गाडी तळ्यात. आपलं काय, रोजचाच घाट!"

मी म्हटले, "अरे, तुझा घाट काही कमी नाही. आणि ते लोक जे जाणतात, ते तुलाही जाणावंच लागतं." गाडीची वेळ झाली आणि बोलणे तिथेच राहिले. पण ते बोलणे पुरे करावे असे मनात होते. म्हणून हा लेख. त्या मुलासाठी आहेच, पण त्याच्या ट्रकमध्ये ज्यांचा माल असतो त्या तुमच्या-माझ्यासाठी अधिक आहे.

बर्फावरचा रस्ता

आधी त्या उत्तरेकडची गोष्ट सांगतो. कॅनडाच्या वायव्य भागात यलोनाइफ नावाचे शहर आहे. त्याच्या पलीकडे हिऱ्यांच्या खाणी आहेत, पण तिथे जायला बारमाही रस्ता नाही. उन्हाळ्यात सगळीकडे तळी आणि दलदल. म्हणून थंडीत तळी गोठली की त्या बर्फावरूनच दरवर्षी नवा रस्ता आखतात. तो चारशे किलोमीटरच्या आसपास लांब असतो आणि त्यातला बहुतेक भाग पाण्यावर असतो. फेब्रुवारी आणि मार्च असे जेमतेम दोन महिने तो चालतो. खाणींना वर्षभर लागणारे डिझेल, सिमेंट, यंत्रे, सगळे तेवढ्यात पोचवायचे. आपल्याकडे मृग आणि आर्द्रेत पेरणी-लावणीची जी घाई असते, तशीच ही त्यांची घाई.

आता गंमत पाहा. एवढी घाई असूनही भरलेल्या ट्रकला तिथे वेगाची मर्यादा असते ताशी 25 किलोमीटर. काही ठिकाणी त्याहूनही कमी. बर्फ एक मीटर जाड असला तरी त्याच्याखाली पाणी असते. जड गाडी चालली की बर्फ किंचित दबतो आणि खालच्या पाण्यात लाट उठते. गाडी वेगाने गेली तर लाट मोठी होते, किनाऱ्यापाशी पाणी उथळ झाले की तिला जायला वाट राहत नाही, आणि ती खालून बर्फ फोडते. म्हणजे तिथे गाडी बुडते ती नुसत्या वजनाने नव्हे, घाईनेही बुडते. तिथल्या कडाक्यात डिझेल थिजून दाट होते म्हणून इंजिन बंद करीत नाहीत, चाकांना साखळ्या बांधतात, या सगळ्या गोष्टी खऱ्या. पण मुख्य नियम एकच : सावकाश चला. आणि तो नियम ज्याचा माल आहे त्या खाणवाल्यालाही पाळावा लागतो. त्याने कितीही आरडाओरडा केला तरी ट्रक 25 च्या वर जात नाही.

आपल्या घाटात बर्फ नाही. पण थंडीतले चार महिने त्यांचे जसे, तसे पावसाळ्यातले चार महिने आपले. कर्जत-खालापूर भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि वर खंडाळ्याच्या माथ्यावर त्याहूनही जास्त. तो सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या पावसातून, धुक्यातून, रात्रीच्या वेळी भरलेला ट्रक बोरघाट उतरतो, तेव्हा ड्रायव्हरपुढे काय असते हे पायथ्याशी राहणाऱ्या आपल्यालाही नीट ठाऊक नसते.

बैलांची वाट, मग रस्ता, मग रेल्वे

कर्जतहून खोपोलीला जाताना पळसदरी मागे टाकली की उजव्या-डाव्या हाताचे डोंगर जवळ येऊ लागतात आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. ही भिंत ओलांडण्याची बोरघाटाची वाट फार जुनी. कल्याण, चौल ही बंदरे आणि वरचा देश यांच्यामधला माल लमाणांच्या आणि व्यापाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून घाटवाटांनीच जात असे. चाकाची गाडी जाईल असा रस्ता इंग्रजी अमलात झाला आणि 1830 मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो खुला केला. त्याच काळात खंडाळ्याच्या बाजूला बांधलेला दगडी पूल पुढे जाहिरातीच्या फलकामुळे 'अमृतांजन पूल' म्हणून ओळखला जाऊ लागला. वळणावरच्या त्या पुलाखाली गाड्यांची कोंडी होई. 2020 च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना तो पाडण्यात आला.

जुन्या घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. शिंगरोबा हा धनगर. गुरे-मेंढरे घेऊन डोंगरात फिरणारा. इंग्रज साहेबांना डोंगरातून वाट सापडेना तेव्हा त्याने आपली नेहमीची वाट दाखवली आणि त्यातच त्याचा जीव गेला, असे सांगतात. आजही घाटातून जाणारे ड्रायव्हर तिथे गाडी हळू करतात, हात जोडतात, नाणे टाकतात. मला या प्रथेत एक शहाणपण दिसते. ज्याला डोंगराचा चढ-उतार पायांना ठाऊक होता, त्याची आठवण ठेवून गाडी हळू करायची. भर उतारात गाडी हळू झाली, एवढ्यानेही त्या देवाचे काम झाले.

नंतर आली रेल्वे. 1856 मध्ये घाटातले काम सुरू झाले आणि 1863 मध्ये गाडी वर चढली. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर इथे राबत होते. पटकीने आणि अपघाताने त्यातले किती गेले याची मोजदाद कोणी नीट ठेवली नाही. चढ असा की 37 फूट पुढे गेले की एक फूट वर. रेल्वेच्या मानाने हा चढ भयंकर. म्हणून कर्जतला गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने जोडतात. आपण त्यांना बँकर म्हणतो. ती जोडायला गाडी थांबते, आणि त्या थांब्यावर कर्जतचा बटाटावडा साऱ्या मुलखात नावाजला.

वडा सगळ्यांना माहीत आहे. दुसरी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. रेल्वेने चढण्याइतकाच, किंबहुना जास्त, विचार उतरण्याचा केला. घाट उतरणाऱ्या गाडीने वाटेत थांबून ब्रेक तपासायचे, मगच पुढे यायचे, असा नियम ठेवला. गाडी आवरेनाशी झालीच तर तिला मुख्य रुळावरून वळवून चढावर घालणारे बाजूचे रूळ बांधले. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी जाणले होते की डोंगर चढताना फार तर गाडी थांबते. धोका असतो तो उतरताना.

उतरणीचा हिशेब

हे असे का, ते समजून घेऊ. आपल्या खोपोलीतच याचे उदाहरण उभे आहे. लोणावळा, वळवण, शिरवते येथील तलावांचे पाणी मोठ्या नळांतून डोंगरावरून खाली सोडले जाते आणि खोपोलीच्या टाटा वीजगृहात त्याच्या जोरावर वीज होते. 1915 पासून ही वीज मुंबईला जाते आहे. कर्जत तालुक्यात भिवपुरीलाही 1922 पासून असेच वीजगृह आहे. वीज करून मोकळे झालेले तिथले पाणी राजनाल्यातून शेतीला मिळते आणि त्यावर आपले उन्हाळी भात होते. नुसते पाणी डोंगरावरून खाली आले तर त्यातून एवढी शक्ती निघते.

मग सोळा टनांचा ट्रक खाली आला तर? खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत उभी उंची पाचशे मीटरच्या घरात आहे. एवढे वजन एवढे खाली येताना जी शक्ती निघते, तिने अडीचशे लिटर पाणी उकळेल. म्हणजे डिझेलचे एक पिंप पुरे भरून वर पन्नास लिटर. वीजगृहात या शक्तीची वीज होते. ट्रकमध्ये तिचे काय करायचे? ड्रायव्हर सारखा ब्रेक दाबत उतरला तर ती सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये आणि लायनरमध्ये जाते. ड्रम तापतात, लायनर जळतो, जळका वास येतो, धूर निघतो, आणि मग पायाने कितीही दाबले तरी ब्रेक धरत नाही. याला ड्रायव्हर लोक 'ब्रेक फेल झाला' म्हणतात. पुष्कळदा काही तुटलेले नसते. ब्रेक तापून निकामी झालेला असतो.

यावर उपाय एकच, आणि तो जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी म्हणीसारखा बसलेला आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. खालच्या गिअरमध्ये गाडी असली की इंजिनच तिला मागे धरून ठेवते. उतारावरच्या बैलगाडीत बैल जसे अंग मागे टाकून जू रेटून धरतात, तसे. ब्रेक मग मधून मधून, थोडाच लागतो. नव्या गाड्यांत एक्झॉस्ट ब्रेक असतो, तोही हेच काम करतो.

याच्या उलट वाईट खोड म्हणजे डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणे. काही जण तर इंजिनही बंद करतात. मालट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो आणि ती हवा इंजिनच भरीत असते. इंजिन बंद म्हणजे हवा भरणे बंद. चार-सहा वेळा ब्रेक दाबला की टाकीतला दाब उतरतो. दोन-तीन लिटर डिझेलच्या बचतीपायी गाडी, माल आणि जीव पणाला लागतो.

पावसाळ्यात यात भर पडते. पहिल्या सरीला रस्त्यावरचे तेल आणि धूळ एक होऊन साबण लावल्यासारखे होते. पुढे धुके असे उतरते की समोरच्या गाडीचा लाल दिवाही हाताच्या अंतरावर आल्यावर दिसतो. आणि वरून दरड. 2015 च्या जुलैत द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड येऊन माणसे गेली. 2023 च्या जुलैत पुन्हा तिथेच डोंगर खाली आला. त्याच आठवड्यात, 19 जुलैच्या रात्री, याच खालापूर तालुक्यात इरशाळगडाखालची इरशाळवाडी झोपेत गाडली गेली. भिजलेला डोंगर काय करील याचा नेम नसतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

जून 1996 ची रात्र

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो.

बी.एस्सी. होऊन खात्यात लागलो त्याला थोडीच वर्षे झाली होती. नेमणूक खालापूर तालुक्यात होती. द्रुतगती मार्ग तेव्हा झालेला नव्हता. तो पुरता खुला झाला 2002 मध्ये. मुंबई-पुण्याची सगळी वाहतूक, जाणारी आणि येणारी, जुन्या घाटातूनच चाले. त्या साली भाताचे बियाणे पुण्याकडून यायचे होते आणि काही ना काही कारणाने त्याला उशीर झाला. रोहिणी संपली, मृग लागले. शेतकऱ्यांनी राब भाजून ठेवलेले, आकाश भरून आलेले, आणि बियाण्याचा पत्ता नाही. रोज माणसे येऊन विचारून जात. शेवटी मी स्वतः पुण्याला गेलो, भाड्याचा ट्रक केला, नऊ टन बियाणे भरले आणि ड्रायव्हरशेजारी बसलो. गावोगाव निरोप धाडला होता की सकाळी सात वाजता या, गोण्या मिळतील.

ड्रायव्हर पन्नाशीचे, जुन्नरकडचे. मी त्यांना मामा म्हणत होतो. बरोबर सोळा-सतरा वर्षांचा क्लीनर. लोणावळा सोडले तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता आणि पाऊस कोसळत होता. खंडाळ्याला मामांनी गाडी बाजूला घेतली. म्हणाले, "साहेब, धुकं फार आहे. तासभर थांबू. पोराला पण जरा डोळा लागू दे."

मी तरुण होतो. अंगात कामाची हौस होती आणि थोडा अधिकाराचा वाराही. मी म्हटले, "मामा, सात वाजता माणसं येऊन उभी राहतील. थांबायला वेळ नाही. वेळेवर पोचलो नाही तर भाडं कापावं लागेल." ते काही बोलले नाहीत. क्लीनरला उठवून चाके बघायला लावली, काच पुसली आणि गाडी काढली.

दुसऱ्या गिअरमध्ये गाडी इतकी हळू चालली होती की मला राहवेना. मागून हॉर्न वाजत, गाड्या ओलांडून जात. मी दोन-तीन वेळा घड्याळ पाहिले. ते त्यांनी पाहिले. मग त्यांनी वरचा गिअर टाकला. गाडी पळू लागली, आणि वळणावळणाला ब्रेक लागू लागले. थोड्या वेळाने केबिनमध्ये जळका वास भरला. मामांनी एका रुंद जागी डोंगराच्या अंगाला गाडी घेतली, क्लीनरने उडी टाकून चाकाखाली लाकडी ठोकळे लावले. मागच्या चाकांतून पावसातही धूर निघत होता.

मी बादली शोधू लागलो. मामा म्हणाले, "पाणी नको साहेब. तापल्या ड्रमवर पाणी मारलं तर ड्रम तडकतो. आपसूक निवू द्यायचा."

"किती वेळ?"

"निवेल तेवढा."

मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "साहेब, बी एक दिवस उशिरा पडलं तर भात चार दिवस मागं येतं. मी शेतकऱ्याचाच पोर आहे, मला कळतं. पण ब्रेक एका वळणाला उशिरा लागला तर काय, ते खाली दरीत बघा."

आम्ही तिथे दीड तास थांबलो. मी कुडकुडत केबिनमध्ये बसून राहिलो. त्या दीड तासात किती गाड्या गेल्या याची गणती नाही. त्यातली एक मात्र माझ्या ध्यानात राहिली. ती वरून आली ती सतत हॉर्न देत, दिवे चमकवत. इंजिनाचा घुर्र आवाज नव्हता, नुसता चाकांचा पाण्यातला आवाज. मामा उठून उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, "सुटली."

पहाटे उजाडताना आम्ही निघालो. खाली दोन वळणांवर ती गाडी होती. तिच्या ड्रायव्हरने शेवटी दरी सोडून डोंगराची बाजू धरली होती आणि गाडी कडेच्या गटारात घालून कातळाला घासत नेली होती. टोमॅटोची खोकी फुटून रस्ता लाल झाला होता. ड्रायव्हरचा पाय मोडला होता. शेजारी मालाबरोबर आलेला माणूस डोके धरून बसला होता. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मीच म्हटलं लवकर चल, लिलाव चुकेल. मीच म्हटलं."

वाचकहो, ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. कारण त्याच्या जागी मीच असतो, आणि माझ्या जागी तो.

मामांनी गोण्या सारून त्या दोघांना हौद्यात निजवले आणि खोपोलीला दवाखान्यात पोचवले. बियाणे घेऊन पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. माणसे पावसात खोळा पांघरून उभी होती. मी उशिराबद्दल काही सांगू लागलो, तोच एका वृद्ध शेतकऱ्याने हौद्यातल्या गोणीवरचा रक्ताचा डाग पाहून विचारले, "कोनाला लागलं, सायेब?" सगळी हकीकत ऐकून ते म्हणाले, "बरं झालं थांबलात. बी काय, आज नाय तर उद्या पेरू." ज्यांच्यासाठी मी घाई केली होती, त्यांना ती घाई नको होती. भाडे मी पुरे दिले. मामांनी वर काही घेतले नाही.

त्या बियाण्याचे रोप चांगले उगवले. दसरा-दिवाळीत भात उभे राहिले तेव्हा अडीच तासांचा उशीर कोणत्या लोंबीत दिसतो ते मी शोधत होतो.

आपल्या हाती काय आहे

आता द्रुतगती मार्ग झाला, बोगदे झाले. पण पाचशे मीटरची उभी उतरण आहे तिथेच आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये जुन्या घाटात शिंगरोबाच्या देवळाजवळ एक खासगी बस दरीत गेली आणि तेरा जण गेले. रस्ता सुधारणे, कठडे घालणे हे सरकारचे काम आणि ते मागत राहिले पाहिजे. पण काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत आणि त्या आपण करीत नाही, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट वजनाची. दोन आसांच्या मालट्रकला एकूण 16.2 टनांची मर्यादा होती, ती 2018 मध्ये 18.5 टन केली. यात गाडीचे स्वतःचे वजनही आले. "दोन गोण्या अजून टाका, भाडं तेवढंच" असे आपणच म्हणतो. वजन वाढले की घाटात तापणाऱ्या ब्रेकवरचा बोजा त्याच प्रमाणात वाढतो. आपल्या भागातून तबेल्यांना पेंढा जातो. पेंढ्याला वजन कमी, पण गाडी दुमजली घरासारखी भरतात. ती वळणाला कलते, आणि विजेच्या तारेला लागली तर पेटते. पेंढा एक थर कमी भरा.

दुसरी गोष्ट, मालावर माणसे बसवू नका. दिवाळीनंतर वीटभट्टीला जाणारी आपली कातकरी कुटुंबे पोराबाळांसह, भांड्याकुंड्यांवर बसून ट्रकने जातात. गाडी कलंडली की पहिली तीच फेकली जातात. बाजाराला भाजी घेऊन निघालेल्या बायाही टेम्पोत पाट्यांवर बसतात. फाळका धरून बसणे म्हणजे आसन नव्हे.

तिसरी, गावातल्या ट्रॅक्टरची. ट्रॉलीला मागे लाल परावर्तक पट्टी लावा. ती नाममात्र पैशांत मिळते. पावसाळी संध्याकाळी विनादिव्याची ट्रॉली रस्त्यावर उभी राहिली, तर वरून येणाऱ्या ड्रायव्हरला ती शेवटच्या क्षणी दिसते.

चौथी गोष्ट झोपेची, आणि तीच मला महत्त्वाची वाटते. आपला माल न्यायला येणारा ड्रायव्हर आदल्या रात्री कुठून आला, जेवला का, झोपला का, हे आपण विचारीत नाही. माल भरायला चार तास लागतात. तेवढा वेळ तो उन्हात उभा असतो. त्याला ओटीवर एक घोंगडी टाकून द्या. म्हणावे, "गाडी भरेपर्यंत पडा मामा, आम्ही उठवतो." आणि घड्याळ दाखवू नका. बाजाराची वेळ गाठायची तर गाडी दोन तास आधी भरा. ती घाई आपल्या अंगणात करा, घाटात करायला लावू नका. त्या उत्तरेकडच्या बर्फावर मालवाल्याचा आरडाओरडा चालत नाही. आपल्या घाटातही चालता कामा नये.

आणि ज्यांची मुले ड्रायव्हर आहेत त्या आई-बापांना एक सांगणे. कर्जत-खालापुरात आता घरोघरी एखादा मुलगा गाडीवर आहे. जमिनीचे तुकडे झाले, काही विकल्या गेल्या, त्याला इलाज नाही. पण मुलगा रात्री उशिरा पोचला, भाडे चुकले, मालक रागावला, असे घरी सांगू लागला तर त्याला बोल लावू नका. उशीर का झाला ते आधी विचारा. कदाचित तो ब्रेक निवेपर्यंत थांबला असेल.

त्या दिवशी खोपोलीच्या टपरीवर त्या मुलाला मी हे सारे सांगू शकलो नाही. निघताना एवढेच विचारले, "घाट कितव्या गिअरमध्ये उतरतोस रे?"

तो हसला. म्हणाला, "चढतो त्याच, साहेब. बाबांनी शपथ घातलीय."

त्याचे बाबा त्या 1996 च्या सकाळी खोळ पांघरून बियाण्यासाठी रांगेत उभे होते.